पत आपली, वही परक्याची

मराठीत 'पत' या दोन अक्षरी शब्दाला जेवढे वजन आहे, तेवढे 'पैसा' या शब्दाला कधी लाभले नाही. पैसा येतो आणि जातो. पत एकदा गेली म्हणजे चार माणसांत मान वर करून चालता येत नाही, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. आमच्या इंदूरच्या सराफ्यात एके काळी हुंडी चाले, ती कागदाच्या बळावर नव्हे, तर तिच्याखाली सही करणाऱ्याच्या नावावर. ते नाव चांगले की वाईट हे ठरविणारी माणसे ओळखीची असत. ती चुकत नसत असे नाही. आपपरभाव, जातगोत, जुनी वैरे हे सारे त्यांच्या न्यायात मिसळत असे. परंतु ती माणसे समोर गादीवर बसलेली असत, आणि त्यांच्यापुढे उभे राहून "शेठजी, आपला समज खरा नाही, ही पावती पाहा," एवढे तरी म्हणता येत असे.

आज आपली पत तीन आकड्यांत मावते. २००० साली आपल्या देशात पहिली पतमाहिती संस्था स्थापन झाली आणि २००४ पासून तुमच्याआमच्यासारख्या सामान्य कर्जदारांच्या नोंदी तिच्याकडून बँकांना मिळू लागल्या. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी बनलेला 'सिबिल' हा शब्द आता घरोघर इतका रुळला आहे, की कोणत्याही पतगुणांकाला लोक सिबिलच म्हणतात. वास्तविक अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण कर्ज घेतले, हप्ता भरला, हप्ता चुकविला, कोणाला जामीन राहिलो, क्रेडिट कार्ड वापरले, की त्याचा तपशील बँका या चौघींकडे धाडतात. त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा एक अंक आपल्या नावापुढे पडतो. आपली पत, पण तिची वही परक्याच्या घरी, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा आम्हांस सरसकट द्वेष नाही. ज्याचा मामा बँकेत नाही आणि ज्याला शिफारसपत्र देणारे कोणी नाही, अशा प्रामाणिक माणसाने दहा वर्षे नियमाने हप्ते भरले, तर त्याची साक्ष ही वहीच देते. ओळखीपाळखीच्या जुन्या न्यायापेक्षा हा न्याय एका परीने अधिक समदर्शी आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. वहीत चूक झाली, तर ती कोणी दाखवावी, कोणी तपासावी आणि कोणाच्या शब्दावर ती पुसली जावी?

चुका होतात, आणि त्या कोठे होतात हे आपल्या घरांत तरी सहज कळण्यासारखे आहे. आपल्याकडे एका गल्लीत तीन जोशी आणि दोन कुलकर्णी सापडतात. माहेरचे नाव, सासरचे नाव, मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव, तेही एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर. शिवाय रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे. त्यात जन्मतारखेचा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खाती जाऊन बसते. कधी फिटलेले कर्ज बँकेने 'बंद' म्हणून कळविलेलेच नसते. कधी न वापरलेल्या कार्डाची वार्षिक वर्गणी थकबाकी होऊन वर्षानुवर्षे वाढत राहते. कधी तर आपल्या नावावर कोणी भलत्यानेच कर्ज उचललेले असते.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंची हकीकत सांगतो. त्यांच्या मुलाला अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. बाईंनी बँकेत शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला, आणि तो परत आला. कारण विचारता कळले, की सहा वर्षांपूर्वी त्यांनी फेडलेले स्कूटरचे कर्ज वहीत अद्याप थकलेले दिसत होते. ज्या संस्थेचे ते कर्ज होते, तिने सांगितले, "आमच्याकडे खाते बंद आहे, तुम्ही कंपनीला लिहा." कंपनीने उत्तर दिले, "कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय आम्हांस बदल करता येत नाही." दोन दारांच्या मध्ये बाई उभ्या, आणि फी भरण्याची तारीख जवळ. अखेर त्यांनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवून फी भरली. तक्रारीच्या सत्तेचाळिसाव्या दिवशी नोंद दुरुस्त झाली आणि नियमाप्रमाणे तीस दिवसांपलीकडच्या सतरा दिवसांचे सतराशे रुपये त्यांच्या खात्यात आले. पाटल्यांवरचे व्याज त्याहून अधिक झाले होते. बाई आम्हांस म्हणाल्या, "सर, पैशांचे काही नाही. पण त्या अधिकाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याची भरपाई कोणत्या नियमात आहे?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कंपनीने बाईंना दिलेले उत्तर उद्धटपणाचे नव्हते. ते कायद्याला धरूनच होते, आणि खरी मेख तेथेच आहे. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांसंबंधी कायदा केला आणि तो २००६ च्या डिसेंबरात अमलात आला. त्याचे २१ वे कलम प्रत्येक नागरिकास वाचण्याजोगे आहे. कर्ज मागणाऱ्यास आपला अहवाल पाहण्याचा आणि त्यातील चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क ते देते, दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मर्यादाही घालते. परंतु त्यालाच जोडलेले परंतुक असे, की ज्या कर्जसंस्थेची ती नोंद, तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यावरच कंपनीने ती करावी. पुढे आणखी असे, की वाद न्यायालयात प्रलंबित असेल तर तोवर त्या संस्थेच्या वहीतील नोंदच ग्राह्य धरावी. म्हणजे ज्याच्या लेखणीने चूक झाली, त्यानेच ती चूक असल्याचे मान्य करावे. आणि तो गप्प बसला, तर त्याचे मौन कर्जदाराच्या विरुद्ध मोजले जावे.

आमचे आयुष्य शाळेच्या रजिस्टरात गेले. दाखल-खारीज रजिस्टरात एखाद्या मुलाची जन्मतारीख चुकीची पडली, तर पालक जन्माचा दाखला आणतो, मुख्याध्यापक तो पुरावा वरिष्ठांकडे पाठवितो, आणि आदेश आल्यावर जुनी नोंद वाचता येईल अशी लाल शाईने छेदून, बाजूस नवी लिहून, तीवर सही व तारीख घालतो. त्या मुलाचे पुढील सारे शिक्षण आणि नोकरी त्या एका ओळीवर अवलंबून असते, म्हणून एवढा सोपस्कार. परंतु त्या सोपस्कारात एक तत्त्व आहे: निर्णय पुराव्यावर होतो, आणि शाळेने आपल्याच चुकीचे न्यायाधीश व्हावे असे तेथे नाही.

या बाबतीत परदेशाचा अनुभव काय सांगतो? पत टिपून ठेवण्याचा धंदा मूळ अमेरिकेतला. १८४१ साली लुइस टॅपन नावाच्या व्यापाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये अशी पेढी काढली. गावोगावचे बातमीदार दुकानदारांच्या चालचलणुकीची टिपणे धाडीत आणि वर्गणीदारांना ती पेढीत वाचून दाखविली जात. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला मात्र त्यातले अक्षर कळत नसे. पुढे हा धंदा घराघरांतील कर्जदारांपर्यंत पोहोचला, आणि १९७० साली त्या देशाने न्याय्य पत-अहवालाचा कायदा केला. आमच्या मते त्यातील मोठी गोष्ट ही, की आक्षेप घेतलेली नोंद चौकशीअंती खरी ठरविता आली नाही, तर ती काढून टाकावी लागते. तेथे सावकाराचे मौन कर्जदाराच्या बाजूने मोजले जाते. शिवाय वाद मिटला नाही, तर आपले म्हणणे थोडक्यात अहवालासोबत जोडण्याचाही हक्क आहे.

म्हणून तेथे रामराज्य आहे, असे कोणी समजू नये. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने सुमारे एक हजार ग्राहकांचे अहवाल तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाचांपैकी एकाच्या अहवालात अशी चूक होती, की आक्षेप घेतल्यावर ती दुरुस्त झाली. आणि शंभरांतील पाच जणांच्या बाबतीत ती इतकी मोठी होती, की त्यांना कर्ज महाग पडले असते. याहून विलक्षण प्रकार कॅलिफोर्नियातील. २०११ साली मोटार घेण्यास गेलेल्या एका गृहस्थाच्या अहवालावर, केवळ नावाच्या साम्यामुळे, सरकारच्या दहशतवादी व गुन्हेगारांच्या यादीत त्याचे नाव असण्याचा संभव आहे, असा शेरा निघाला. असा शेरा हजारो लोकांच्या नावापुढे पडला होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८,१८५ जणांपैकी ज्या १,८५३ जणांचे अहवाल प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हाती गेले होते, तेवढ्यांनाच या शेऱ्याबद्दल दाद मागण्याचा हक्क आहे, असा निकाल २०२१ साली लागला. ती कंपनी ट्रान्सयुनियन. आपल्या सिबिलमधील मोठा हिस्सा तिचाच आहे. एका नावाची अनेक माणसे असणाऱ्या आपल्या समाजाने या खटल्यापासून बोध घ्यावा.

आपल्याकडेही काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ च्या आरंभापासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ठरविले. २०२२ च्या सप्टेंबरपासून या कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात आज्ञा निघाली आणि २०२४ च्या एप्रिलपासून ती लागू झाली: तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई. त्या तीस दिवसांतील एकवीस कर्जसंस्थेचे व उरलेले कंपनीचे. दुरुस्ती नाकारली, तर तिची कारणे कळविणेही संस्थेवर बंधनकारक झाले. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु त्या विलंबाला दंड करतात. कोणाच्या शब्दावर नोंद पुसावी, हा मूळ प्रश्न त्यांनी सोडविलेला नाही.

तो सुटेपर्यंत आपण काय करावे? वर्षप्रतिपदेस घरात नवे पंचांग येते. त्याच आठवड्यात हा अहवालही मागवावा, आणि चारही कंपन्यांचा मागवावा, कारण एकीकडची चूक दुसरीकडे असेलच असे नाही. प्रथम नाव, जन्मतारीख, पॅन व पत्ता पाहावा. मग प्रत्येक खाते आपले आहे काय, फिटलेले खाते 'बंद' दिसते काय, आणि आपण अर्ज न करता कोणी आपल्या पतीची चौकशी केली आहे काय. 'बंद' आणि 'तडजोड' हे दोन शब्द सारखे नव्हेत; बँकेने काही रक्कम सोडून खाते मिटविले, तर तो शेरा पुढे वर्षानुवर्षे आडवा येतो. मेव्हण्याला जामीन राहिला असाल, तर त्याचा चुकलेला हप्ता तुमच्याही वहीत उमटतो, हेही ध्यानात ठेवावे.

चूक दिसली, तर कंपनीकडे आणि कर्जसंस्थेकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी तक्रार करावी, तिचा क्रमांक घ्यावा, आणि सोबत थकबाकी नसल्याचा दाखला व खातेउतारा जोडावा. तीस दिवस उलटले किंवा उत्तर असमाधानकारक वाटले, तर लोकपालाकडे जावे. तेथे फी पडत नाही. 'गुणांक वाढवून देतो' म्हणणारे दलाल गल्लोगल्ली झाले आहेत, त्यांच्या वाटेस जाऊ नये. खरी नोंद कोणी पैसे घेऊन पुसू शकत नाही, आणि खोटी पुसण्यास पैसे लागत नाहीत.

तरुण मुलांच्या पालकांस हे विशेष आवर्जून सांगावेसे वाटते. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयाने, केवळ विद्यार्थ्याचा गुणांक कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे म्हटले. परंतु २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने, वाईट पत-इतिहासाच्या कारणावरून एका उमेदवाराची स्टेट बँकेतील नेमणूक रद्द झाली, ती योग्य ठरविली. म्हणजे ही वही आता कर्जाबरोबर उपजीविकेलाही हात घालते.

जी वही एवढे ठरविते, तिच्यातील नोंद खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार ती लिहिणाऱ्यावर असावा. आक्षेप घेतल्यावर ठरावीक दिवसांत त्याने कागद दाखवावा. न दाखविल्यास नोंद निघावी. सराफ्यातल्या जुन्या गादीवर एवढा न्याय मिळत होता. कायद्याने तो दिला, तर नवे काही दिले असे होणार नाही. आपले होते तेच परत केले असे होईल.