बोट रात्री कुठे राहणार?

फोनवर जाहिरात येते. पांढरीशुभ्र, टोकदार नाळेची स्पीडबोट, लाल शिलाईच्या गाद्या, आणि खाली एक ओळ: ‘गोव्यात आहे, फक्त घरगुती वापर, उत्तम स्थिती.’ किंमत नव्या बोटीच्या निम्म्याहून कमी. तुम्ही बंगळुरूत ट्रॅफिकमध्ये अडकलेले असता, मालवणला काकांचं घर असतं, किंवा देवबागला भावाने होम-स्टे काढलेला असतो. मनात हिशेब सुरू होतो. सुट्टीत आपण फिरू, एरवी भाऊ पाहुण्यांना फिरवेल.

हिशेब बहुतेक वेळा अश्वशक्तीपासून सुरू होतो. माझं म्हणणं, तो दुसऱ्याच प्रश्नापासून सुरू करा. ही बोट रात्री कुठे राहणार? पाण्यात, की ट्रेलरवर घराच्या मागे? आणि आपण बंगळुरूत असताना तिच्याकडे कोण बघणार? इथून कारवारचा समुद्रसुद्धा पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वर्षातले तीनशेहून अधिक दिवस बोट नुसती उभी राहणार. वेगवान बोट चालून जेवढी झिजते, त्याहून जास्त खाऱ्या हवेत उभी राहून खराब होते.

इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा म्हणजे ड्राइव्ह. जुन्या बोटीत खरा खर्च इथेच दडलेला असतो.

आउटबोर्ड तुम्ही पाहिलंच असेल: इंजिन, गिअर, पंखा सगळं एकत्र, बोटीच्या मागे टांगलेलं. ते तिरकं उचललं की सबंध पाण्याबाहेर येतं. फेरी संपली की गोड्या पाण्याने आतून धुता येतं, बिघडलं तर काढून दुसरं बसवता येतं. आणि कोकणात मासेमारीच्या होड्यांमुळे आउटबोर्डवर हात बसलेला मिस्त्री सापडण्याची शक्यता जास्त.

स्टर्नड्राइव्ह वेगळा. इंजिन बोटीच्या आत, मोटारीसारखं, आणि मागच्या भिंतीतून बाहेर आलेला पाय पाण्यात. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने तो बाजारात आणला आणि पुढे ऐटबाज बोटींचा तो जणू गणवेशच झाला. दिसतो सुंदर, मागे पोहायला उतरायची फळी मोकळी राहते. पण बोट पाण्यातच ठेवली, तर पाय वर उचलूनही त्याचा काही भाग पाण्यातच राहतो. जिथून तो भिंतीबाहेर येतो तिथे रबराच्या घडीदार नळ्या असतात, त्यांना बेलोज म्हणतात. समुद्र आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये तेवढंच रबर. त्यावर शिंपल्यांचा टणक थर चढतो, रबर चिरतं, आणि नांगरलेली बोट रात्रीतून बुडू शकते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बोट पाण्यात राहणार असेल आणि मालक बंगळुरूत असेल, तर जुना स्टर्नड्राइव्ह घेऊ नका. ट्रेलरवर राहणार असेल, धुणारं माणूस घरचं असेल, तर विचार करा.

बाकीचे प्रकार झटपट सांगते. सरफेस ड्राइव्हमध्ये पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. वेगात उत्तम, पण धक्क्याला लावताना आणि मागे घेताना हट्टी. घरगुती कामाचा नाही. जेट ड्राइव्हला बाहेर पंखाच नाही. जिथे माणसं पाण्यात असतात, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या स्नॉर्केलिंगसारख्या जागी, हा मोठा गुण. कर्ली नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या उथळ पट्ट्यांवरही उपयोगी. मात्र तो पाणी ओढतो तशी प्लास्टिकची पिशवीही ओढतो, आणि आपल्या खाड्यांमध्ये पिशव्यांना तोटा नाही.

आता प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा. मालकाला आधीच सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर हात लावून बघा. गरम लागलं, तर थंड इंजिन सुरू होताना त्रास देतं का हे तुम्हाला कळणार नाही, आणि तेच कळायला हवं होतं. मग ड्राइव्हच्या गिअरचं थोडं तेल काढायला लावा. ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. लोखंडाचा बारीक चुरा मिळाला तर गिअर झिजलेत. स्टर्नड्राइव्ह असेल तर इंजिन मंद ठेवून सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. वळताना गुरगुर किंवा ठकठक आली, तर आतल्या बेअरिंगचा किंवा सांध्यांचा खर्च उभा आहे. मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत.

मागची भिंतही ठोकून बघा, कारण सगळा जोर तीच झेलते. हातोडीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. कणखर आवाज ठीक. बद आवाज आला तर फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं, आणि ती दुरुस्ती कधी कधी बोटीच्या किमतीएवढी होते.

‘दहा वर्षांत फक्त 120 तास चालली’ हे विक्रेता कौतुकाने सांगेल. ते कौतुक नाही. नव्या इंजिनांच्या संगणकात किती तास कोणत्या वेगाने चालवलं याची नोंद असते. मिस्त्री लॅपटॉप लावून ती काढू शकतो. कोयनेच्या जलाशयासारख्या गोड्या पाण्यात नेमाने चाललेली जुनी बोट मला खाडीत नुसत्या उभ्या असलेल्या नव्या बोटीपेक्षा बरी वाटते.

वेगाचं म्हणाल, तर मार्च 2016 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर शर्यत झाली, तेव्हा त्या बोटींना एकेकच 250 अश्वशक्तीचं आउटबोर्ड होतं. शर्यतीला जे पुरतं ते काकांच्या घरासमोर नक्की पुरेल! असं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण 75 ते 95 लिटर पेट्रोल पितं. शंभर रुपये लिटर धरा आणि मग दोन इंजिनांच्या जाहिरातीकडे पुन्हा बघा.

पाण्यातली चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पण त्या चाचणीला मुलांना घेऊन जाऊ नका. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. पंधरा माणसं गेली. प्रशिक्षित हातांतही हे होऊ शकतं, मग आपण तर हौशी. नुकतंच इंजिनाचं काम झालेली बोट सर्वांत बेभरवशाची. तिला मोकळ्या पाण्यात न्या, फेरीबोटींच्या वाटेपासून दूर. चालवणारा, मिस्त्री आणि तुम्ही, तिघंच, आणि तिघांच्याही अंगात लाइफ जॅकेट.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी. तो पडला तर दोरी निघते आणि इंजिन थांबतं. अमेरिकेत 26 फुटांखालच्या बोटींवर एप्रिल 2021 पासून ती वापरणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? चाचणीत ती ओढून बघा. इंजिन थांबलं नाही, तर व्यवहारही थांबवा.

कागद बंगळुरूतूनच मागवता येतात: नोंदणी, विमा, परदेशी बोट असेल तर सीमाशुल्क भरल्याचे कागद. इंजिनावर कोरलेला क्रमांक कागदाशी जुळवा, इंजिन बदललेलं असू शकतं. भाऊ पाहुण्यांकडून पैसे घेणार असेल, तर घरगुती नोंदणी पुरत नाही. प्रवासी वाहतुकीची तपासणी आणि परवाना वेगळा. तो मिळेल का, हे आधी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारा.

आणि घासाघीस करायची तर मे महिन्यात करा. पावसाळ्यात समुद्र बंद. बोट वर काढायची, झाकायची, कुणाच्या तरी आवारात चार महिने ठेवायची, या विचाराने विकणारा हळवा झालेला असतो. फक्त चाचणी समुद्र खवळण्याआधी झाली पाहिजे. ‘आता घ्या, सप्टेंबरमध्ये चालवून बघा’ असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा, सप्टेंबरमध्येच भेटू.