एका वेळी किती माग?

मैत्रिणींनो, परवा माझ्या हातून एक चूक झाली. गणिताच्या वह्या तपासत होते. मध्येच कुकरच्या शिट्ट्या, मग दारात इस्त्रीवाला, मग सासूबाईंची गोळी. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ही वजाबाकी चुकलीय का हो?" वजाबाकी बरोबर होती. फुली माझी चुकली होती. बिचारी रात्री रडली होती म्हणे.

हा वेंधळेपणा नव्हे बरं का! १९२७ साली जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काहींना एक बेरीज, एक वजाबाकी अशी आलटून पालटून गणितं घातली. एकाच प्रकारच्या गणितांपेक्षा वेळ जास्त लागला. मनाला एका कामातून उठून दुसऱ्यात बसायला वेळ लागतोच.

आमच्या डिलाईल रोडच्या आसपास पूर्वी गिरण्यांचे भोंगे वाजत. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, हे १९२८ च्या मोठ्या संपाचं एक कारण होतं. घरातले माग मात्र कुणी मोजतं का?

मी आता दोन गोष्टी करते. उठावंच लागलं, तर हातातलं उदाहरण पुरं करून पुढच्यावर पेन्सिलीने खूण करते. भाजी निवडताना गप्पा खुशाल मारते, पण वह्या काढायच्या त्या गॅस बंद झाल्यावरच. आणि आजीची गोळी आता चिरंजीव देतात.

त्या मुलीची फुली खोडून मी बरोबरची खूण केली. "बाईंचं चुकलं," असं वर्गात सांगितलंही. तुमच्याकडे किती माग आहेत? मोजा तर खरं!