हिरवं पेट्रोल आणि सतरा हजार लिटर पाणी

आमच्या टीमचा शुक्रवारचा चहा टपरीवर होतो आणि दर शुक्रवारी एक वाद ठरलेला असतो. परवाचा विषय होता पर्यावरणपूरक गाड्या. एकाने नुकतीच इलेक्ट्रिक घेतलीय, दुसऱ्याकडे सीएनजी आहे, आणि मी २०१८ ची पेट्रोल गाडी अजून रेटतोय. मला पापी ठरवायचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत मीच म्हटलं, "अरे माझीही हिरवीच आहे की! वीस टक्के इथेनॉल पिते." सगळे हसले. लातूरचा मित्र तेवढा हसला नाही. म्हणाला, "इथेनॉल नाही रे, आमचं पाणी पिते ती."

घरी येऊन एक्सेल उघडलं. (आयटीवाल्याला काही झोंबलं की तो एक्सेल उघडतो.)

आकडे घेतले ते निती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातले. म्हणजे सरकारचाच कागद, कुणा आंदोलनवाल्याचा नाही. त्यात सरळ लिहिलंय की एक टन उसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळतं आणि साखरेच्या मार्गाने केलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. मी एका वेळी ३० लिटर पेट्रोल भरतो. त्यातले ६ लिटर इथेनॉल. ते सगळं उसाचं धरलं तर ६ गुणिले २,८६० म्हणजे १७,१६० लिटर. दहा हजारी टँकर धरले तर जवळजवळ पावणेदोन टँकर, आणि तेही एका वेळच्या पेट्रोलमागे! आमच्या सोसायटीत मे महिन्यात एका टँकरवरून व्हॉट्सअॅपवर महायुद्ध होतं, आणि मी पावणेदोन टँकर टाकीत ओतून निवांत लोणावळ्याला जाऊन येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्या लातूर जिल्ह्यातही ऊस आहे आणि कारखानेही आहेत. यावर वेगळं काही बोलायला नको.

आता तुम्ही म्हणाल, सगळं इथेनॉल काही उसाच्या रसाचं नसतं. मान्य. साखर पूर्ण काढून झाल्यावर जी शेवटची मळी उरते, तिचं इथेनॉल करायला माझी शून्य हरकत आहे. टाकाऊतून टिकाऊच ते. पण तेवढ्या मळीत वीस टक्क्यांचं उद्दिष्ट भागत नाही, म्हणून रस आणि जास्त साखर असलेली बी-हेवी मळीसुद्धा इथेनॉलकडे वळवली जाते. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला तेव्हा ७ डिसेंबरला सरकारनेच रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. ज्या इंधनाचं भवितव्य एका पावसाळ्यावर ठरतं त्याला आपण ऊर्जा सुरक्षा म्हणतो, हे जरा गंमतशीरच. मग भार गेला मक्यावर. आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करत होता. तेलाची आयात कमी करायला मक्याची आयात!

ब्राझीलचं उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं, म्हणून त्याबद्दल थोडं. तिथे हा कार्यक्रम १९७५ पासून आहे, पण साओ पावलोकडचा ऊस मुख्यतः पावसावर वाढतो. आपला वाढतो कालव्यावर, नाहीतर बोअरवर. दुसरं म्हणजे २००३ पासून तिथे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या मिळतात आणि पंपावर इथेनॉल वेगळं, त्याच्या वेगळ्या भावाने मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तरच ते घ्यायचं, हे तिथल्या साध्या ड्रायव्हरलाही पाठ असतं. आपल्याकडे वीस टक्के मिसळून झालेलं असतं, भाव पेट्रोलचाच असतो आणि निवड नसते. जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटेल, हा अंदाजही त्याच निती आयोगाच्या आराखड्यातला. बिनइथेनॉलचं पेट्रोलही मिळावं अशी मागणी करणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. असो. मला दोन किलोमीटर कमी मिळाल्याचं फार दुःख नाही. दुःख आहे ते फसवणुकीचं. जाहिरातीत त्याला हिरवं म्हणतात आणि आपणही मान डोलावतो.

आता एक्सेलमधली ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती ओळ. एक हेक्टर ऊस, उतारा ८० टन धरला. सगळ्याचं इथेनॉल केलं तर ५,६०० लिटर. लिटरला १० किलोमीटर धरले तर ५६ हजार किलोमीटर. आता त्याच हेक्टरवर सौर पॅनेल लावा. एक मेगावॉटला साधारण दोन हेक्टर लागतात आणि वर्षाला सुमारे १५ लाख युनिट मिळतात, म्हणजे हेक्टरी साडेसात लाख. इलेक्ट्रिक गाडी युनिटमागे ६ किलोमीटर गेली तरी ४५ लाख किलोमीटर. ऐंशीपट! माझी गृहीतकं वाईट आहेत असं समजा, चारपट चुकलो असं समजा. तरी वीसपट उरतात. आणि पॅनेलला पाणी लागतं ते धुण्यापुरतं.

इलेक्ट्रिकवाला मित्र हे वाचून कॉलर ताठ करेल, तर थांब बाबा. तू गाडी चार्ज करतोस ती ग्रिडवर, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तुझी गाडी किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आसपास सोडते. माझी सोडते दीडशे. फरक आहे, पण नंबरप्लेट जेवढी हिरवी आहे तेवढा नाही. तो वाढेल छपरावर पॅनेल आले की, आणि आमच्या सोसायटीत तर एका चार्जिंग पॉइंटची परवानगी तीन सभांपासून अडकलीय.

आणि शेतकऱ्याचं काय? हा प्रश्न खरा आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांकडे पैसा आला आणि थकलेली बिलं निघायला मदत झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पर्याय अगदीच नाहीत असंही नाही. राज्याच्या २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे. मुद्दा एवढाच की ती संधी उपकेंद्राजवळ जमीन असणाऱ्यालाच, आणि इथेनॉलच्या डिस्टिलरीसाठी जसं व्याजसवलतीचं कर्ज आणि खरेदीचा ठरलेला भाव उभा राहिला, तसं पाठबळ कमी पाण्याच्या पिकामागे दिसत नाही.

सोमवारी हे सगळं लातूरच्या मित्राला दाखवलं. वाटलं होतं खूश होईल. त्याने शीट खालीवर केलं, एका सेलमधली चूक काढली (दुरुस्त केलीय), आणि म्हणाला, "बरोबर आहे सगळं. पण बाबांनी यंदा दोन एकर ऊस वाढवलाय."

मी म्हटलं, "का?"

"२०२४ ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. आम्हाला बाजारात चार हजारच्या वर फार काही मिळालं नाही. उसाला एफआरपी तरी असते. तू बाबांच्या जागी असतास तर काय लावलं असतंस?"