औषध कोणते, यापेक्षा ते कधी घेतले?

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करून आलेले रुग्ण तपासणीबद्दल फारशी तक्रार करत नाहीत. तक्रार असते ती आदल्या रात्रीची. खारट चवीचे दोन ते चार लिटर पाणी संपवायचे आणि शौचालयाच्या फेऱ्या मारत राहायचे. साहजिकच ‘यातले सोपे औषध कोणते?’ हा पहिला प्रश्न असतो. मात्र युरोपातील तज्ज्ञ संघटनेच्या २०१९ च्या आणि अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संयुक्त गटाच्या २०२५ च्या शिफारशी वाचल्या, तर भर वेगळ्याच गोष्टीवर दिसतो. औषधांमध्ये फरक आहेतच. पण ते कोणत्या वेळी घेतले, याने तपासणीच्या निकालात जास्त फरक पडतो.

या पूर्वतयारीला इतके महत्त्व का? मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग लहान गाठींपासून, म्हणजे पॉलिपपासून, अनेक वर्षांत वाढतात. गाठ वेळीच दिसली तर त्याच तपासणीत ती काढता येते. पण सपाट गाठीवर मळाचा पातळ थर असला तरी ती नजरेतून सुटू शकते. म्हणूनच डॉक्टर आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे शून्य ते तीन गुण देतात. प्रत्येक भागाला किमान दोन गुण मिळाले, तरच तयारी पुरेशी मानली जाते. एरवी वर्षभराच्या आत तपासणी पुन्हा करावी, असा सल्ला आहे. म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा रजा आणि पुन्हा तीच रात्र.

औषधांची तुलना

सर्वाधिक वापरले जाते ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे ‘पेग’. त्यात क्षार अशा प्रमाणात असतात की शरीर ना पाणी शोषते, ना गमावते. द्रावण आतडे धुऊन बाहेर पडते. १९८० मध्ये ते पुढे आले. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांसाठी ते तुलनेने सुरक्षित मानले जाते. अडचण एकच, प्रमाण मोठे. आता कमी धोक्याच्या रुग्णांना चारऐवजी दोन लिटरचा पर्याय पुरेसा असल्याचे अमेरिकी गट सांगतो.

सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट यांचे मिश्रण कमी प्रमाणात घ्यावे लागते आणि चवीलाही बरे असते. पण ते शरीरातले पाणी आतड्यात ओढून आणते. सोबत पुरेसे पाणी आणि क्षार घेतले नाहीत तर रक्तातील सोडियम घसरू शकते. मूत्रपिंड अधू असेल तर मॅग्नेशियम साठण्याचा धोका असतो.

सोडियम फॉस्फेट तर त्याहून सोपे होते. पण त्याने काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला कायमची इजा झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. युरोपातील तज्ज्ञही ते सरसकट वापरू नये असे सांगतात. प्यायला सोपे म्हणजे सुरक्षित नव्हे, हा यातला धडा.

पहाटेची मात्रा का?

आदल्या संध्याकाळी सगळे औषध संपवले, तरी रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव खाली उतरत राहतो. तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे उजव्या भागावर साचतो. सपाट, सहज न दिसणाऱ्या गाठी याच भागात अधिक असतात. म्हणून अर्धी मात्रा आदल्या संध्याकाळी आणि उरलेली तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवावी, अशी शिफारस आहे. तपासणी दुपारी असेल तर सगळी मात्रा त्याच दिवशी सकाळी घेतली तरी चालते.

अडचण इथेच येते. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ अशी सूचना भूल द्यायची असल्यामुळे काही ठिकाणी अजूनही दिली जाते. भूलतज्ज्ञांचे प्रचलित नियम मात्र निरोगी व्यक्तीला स्वच्छ पेये दोन तास आधीपर्यंत घेऊ देतात. एकाच रुग्णाला दोन चिठ्ठ्यांवर दोन परस्परविरोधी सूचना मिळाल्या, तर तो पहाटेची मात्रा टाळणारच. परगावाहून एसटीने येणाऱ्याला पहाटे चारला औषध घेणे तर अशक्यच. अशा रुग्णाला दुपारची वेळ देण्यात खर्च काहीच नाही.

आहाराचे जुने कडक नियमही सैल झाले आहेत. तीन-चार दिवस पेजेवर राहण्याची गरज बहुतेकांना नसते. आदल्या दिवशी कमी चोथ्याचे खाणे पुरते: पांढरा भात, दही, सोललेला उकडलेला बटाटा. भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, पेरू, तीळ, शेंगदाणे टाळावेत. त्यानंतर गाळलेले लिंबू सरबत किंवा बिनदुधाचा चहा. लाल, जांभळी पेये नकोत. आतड्यात ती रक्तासारखी दिसतात.

मात्र एकच छापील चिठ्ठी सर्वांना चालत नाही. जुनी बद्धकोष्ठता, मधुमेह किंवा आधीची फसलेली तयारी असेल तर जास्त मात्रा लागू शकते. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

भारतात सरकारी कर्करोग चाचणी कार्यक्रम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखापुरता आहे. मोठ्या आतड्याची तपासणी इथे बहुतेकदा रक्तस्राव, रक्तक्षय, क्षयरोगाची शंका अशा कारणांनी, लक्षणे दिसल्यावर होते. त्यामुळे ती वाया जाणे जास्त महागात पडते. दहापैकी किमान नऊ तपासण्यांत आतडे पुरेसे स्वच्छ असावे, हे उद्दिष्ट आज युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे मानले जाते. आपल्याकडे त्यासाठी नवे महागडे औषध लागणार नाही. रुग्णाला त्याच्या भाषेत, घड्याळाच्या वेळांसह लिहिलेली सूचना आणि आदल्या दिवशी एक फोन, एवढ्यानेही बरेच साधेल.