सुक्या मासळीची माफी कशाला मागायची?

गेल्या रविवारी आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला. "कृपया सुकी मासळी भाजताना इतरांचाही विचार करावा. जिन्यात उभं राहवत नाही." खाली सहा अंगठे. दहाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू वहिनींचं उत्तर आलं, "सॉरी, परत होणार नाही."

मंडळी, हे पुण्यातल्या कुठल्या कॉम्प्लेक्समधलं नाही. हे रत्नागिरीतलं आहे. मिरकरवाडा बंदर आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. ज्या गावाचं अर्धं पोट मासळीवर चालतं, त्या गावात किनाऱ्यावरच्या माहेरच्या बाईला चार बोंबील भाजले म्हणून माफी मागावी लागली.

आणि मी काय केलं? काही नाही. मेसेज वाचला आणि फोन उलटा ठेवला. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते इतरांइतकंच स्वतःलाही सुनावणार आहे.

त्या रात्री मला फिलिपिन्समधली एक म्हातारी आठवली.

माझी नोकरी जहाजावरची. फिलिपिनो खलाशांबरोबर उभं आयुष्य गेलं. 2011 साली आमचं जहाज दुरुस्तीसाठी सेबूला लागलं होतं. आमचा बोसन बांतायन बेटावरचा. सुट्टी मिळाली तसा म्हणाला, "सेकंड, चला घरी." सेबू शहरातून बसनं उत्तरेला हाग्नाया बंदर, तिथून फेरी. उतरलो आणि नाकात जो वास शिरला, त्यानं क्षणभर आपल्याच एखाद्या कोळीवाड्यात उतरल्यासारखं वाटलं. किनाऱ्याला बांबूचे मांडव, त्यावर जाळी आणि जाळीवर पुस्तकासारखे उघडून ठेवलेले मासे. दांगित म्हणतात त्याला. तळहाताएवढा, चपटा मासा. बायका ओळीनं बसून चिरायच्या, आतडी काढायच्या, मिठाच्या पाण्यातून काढून उन्हात मांडायच्या. ऊन कडक असलं तर असा पातळ मासा एक-दोन दिवसांत खडखडीत वाळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोसनची आई, नानाय म्हणायचे सगळे तिला, चुलीपुढे बसली. आदल्या रात्रीचा भात हातानं मोकळा केला. तेलात मूठभर लसूण ठेचून टाकला, तो लालसर झाल्यावर भात परतला. याला ते सिनांगाग म्हणतात. आपला फोडणीचा भातच, फक्त हळद-मोहरी नाही आणि लसूण मात्र दसपट. मग त्याच कढईत थोडं तेल आणि एकेक दांगित. मोजून दहा-पंधरा सेकंद. पापडासारखा फुलला की बाहेर. त्यापेक्षा जास्त ठेवला तर कडू होतो, हे तिनं मला हातवारे करून सांगितलं. जोडीला अंडं आणि वाटीत माडाच्या ताडीपासून केलेलं आंबट व्हिनेगर, त्यात ठेचलेली मिरची आणि लसूण. गोव्याच्या स्वयंपाकात माडाचं व्हिनेगर असतं ना, त्याचंच भावंड.

गंमत ऐका. त्यांच्याकडे व्हिनेगरला म्हणतात 'सुका'. आणि आपण जिला सुकी मासळी म्हणतो, ती मनिलाकडच्या तागालोग भाषेत 'तुयो'. तुयो म्हणजेही सुकं! सेबूकडे तिलाच 'बुलाद' म्हणतात. सुक्याला सुका लावून खाल्ला, असं मी बोसनला सांगितलं तर त्याला काही कळलं नाही. मी मात्र एकटाच हसत बसलो.

खरा तुयो म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातले छोटे मासे. अख्खेच खारवायचे आणि वाळवायचे. पोट फाडून, साफ करून वाळवलेल्याला 'दाइंग' म्हणतात. तुयो तळताना घरभर वास सुटतो आणि तो लपत नाही. खारट एवढा, की एका माशावर ताटभर भात जातो. म्हणूनच तर तो गरिबाच्या घरातला मासा. पाऊस पडायला लागला की चॉकलेट घातलेली भाताची गोड खीर करतात, चांपोरादो, आणि तिच्याबरोबर हा खारट तुयो चावतात. पहिल्यांदा मला वाटलं, पाहुण्याची थट्टा चाललीय. खाऊन बघितलं आणि पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणारे आपण कुणाला हसतोय, असं झालं. शुक्रवारी बऱ्याच घरांत मुगाची आमटी. कॅथलिक लोक, उपवासाच्या काळात शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, मग मुगाला चव आणायला सुकी मासळी. आपली आजी डाळीच्या आमटीत सोडे टाकायची, तोच हिशेब.

आता कुणी म्हणेल, काका, हे सगळं छान, पण रेसिपीचं पेज कधी सुरू केलंत?

तर मुद्दा असा. तिकडे लोकांना सुक्या मासळीची लाज नाही असं मी म्हणणार नाही. आहे. 'आमच्या घरी तुयोच होता' म्हणजे आम्ही गरिबीत वाढलो, असा अर्थ होतो. बोसनची मुलगी मनिलात उंच इमारतीत राहायला गेली, तीही खिडक्या लावून मासे तळायची, शेजारी बोलतात म्हणून. पण त्या लाजेच्या बरोबरीनं तिकडे आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे नाही. ते या मासळीचा उघड अभिमान बाळगतात. सेबू शहरात ताबोआन नावाचा बाजार आहे, सगळा सुक्या मासळीचा. आत जाऊन आलात की कपड्यांना वास लागतो, आणि त्यावर विनोद करत लोक पिशव्या भरभरून नेतात. प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी काहीतरी न्यायचं, ही तिकडची मोठी रीत. त्याला पासालुबोंग म्हणतात. सेबूहून निघणारा माणूस सुके आंबे नेतो आणि दांगित नेतो. साहेब असो की हमाल. मॉलमध्ये तर तेलात बुडवलेला तुयो बाटलीत भरून महागात विकतात.

आपण रत्नागिरीहून पुण्याला जाताना काय नेतो? आंबा, फणसपोळी, कोकम. जवळा न्यायचाच झाला तर तीन पिशव्यांत गुंडाळून, सीटखाली लपवून. कुणी विचारलं तर "काही नाही, घरचं सामान."

या लाजेची किंमत फक्त जिन्यातल्या सॉरीपुरती नाही, म्हणून ही एवढी लांब पोस्ट.

ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते, तिच्यासाठी आपण भांडत नाही. फिलिपिन्समध्ये गालुंगगोंग नावाचा स्वस्त मासा आहे. ताजा खातात, वाळवूनही खातात. 1980 च्या दशकापासून या माशाचा भाव हा तिकडे राजकारणातला प्रश्न आहे. आपल्याकडे कांद्याचा आहे तसा. 2018 मध्ये सरकारनं बाजारासाठी गालुंगगोंग बाहेरून आणायची परवानगी दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. सात हजारांवर बेटांचा देश, आणि गरिबाचा मासा आयात करायचा? लोकांनी सरकारला जाब विचारला. आपल्याकडे गेल्या कुठल्या निवडणुकीत कुणी उमेदवाराला विचारलंय, "दादा, सुकट काय भावानं झाली आणि का झाली?"

महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये पापलेट हा राज्यमासा जाहीर केला. चांगलंच झालं, पापलेट टिकायलाच हवं. पण आगोटीला ज्या घरात पापलेट येतं, ती घरं किती? पावसाळ्याची बेगमी होते ती जवळा, सुकट, बोंबील आणि खाऱ्या बांगड्यावर. या माशांच्या नावानं कुणी सत्कार करत नाही.

ही छोटी मासळी मिळते किनाऱ्याजवळच्या पाण्यात, छोट्या होड्यांना. फिलिपिन्सनं 1998 च्या मत्स्य कायद्यात किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी मुख्यतः छोट्या मच्छीमारांसाठी राखून ठेवलं. बांतायनच्या आसपासच्या विसायन समुद्रात 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी असे तीन महिने तारलीच्या जातीच्या आणि बांगड्याच्या जातीच्या माशांना हात लावायचा नाही, अशी बंदी आहे. त्यांची विणीची वेळ असते. मोठ्या बोटी चोरून आत येतात, हे बोसन तेव्हाही सांगायचा. 2024 मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाच्या निर्णयानं एका व्यापारी मासेमारी कंपनीला त्या 15 किलोमीटरच्या आतही वाट मोकळी झाली. बातमी बाहेर आली तशा मच्छीमार संघटना रस्त्यावर उतरल्या, फेरविचाराची मागणी झाली. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. पण तिकडे लढाई दिसते. कारण त्या पाण्यातून आपल्या ताटात काय येतं, हे खाणाऱ्याला माहीत आहे.

आपल्याकडे कायदे कमी आहेत का? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. पर्ससीनवर 2016 पासून राज्याचे निर्बंध. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मध्ये केंद्राची बंदी. कागद भक्कम आहे. पण रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात जे लखलखतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. ज्या तारलीच्या कुळातल्या माशाचा फिलिपिनो आई तुयो करते, ती आपली बरीच तारली फिशमीलच्या कारखान्यात जाते. त्यावर मच्छीमार ओरडतात, मोर्चे काढतात, आणि आपण बाकीचे म्हणतो, "त्यांचं त्यांचं भांडण आहे." नाही हो. आपल्या पावसाळ्यातल्या ताटाचं भांडण आहे ते.

तीच गत वाळवणाच्या जागांची. मासळी वाळवायला मोकळा किनारा लागतो, ऊन लागतं, स्वच्छ ओटे लागतात. पर्यटक आले की पहिली तक्रार वासाची, आणि वाळवणारी बाई हळूहळू मागे सरकते. मग ती रस्त्याच्या कडेला धुळीत वाळवते, आणि आपणच म्हणतो, "शी, किती घाण!"

दुसरी बाजूही मांडतो. वास येतो, खरंच येतो. ज्यांच्या घरात कधीच मासे शिजले नाहीत, त्यांना तो सोसत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, तेही खरं. मीही आता खारा बांगडा रात्रभर पाण्यात घालतो आणि महिन्यातून दोनदाच खातो. शेजारधर्म म्हणून दार लावून घ्या, पंखा लावा, दुपारी सगळे झोपलेले असताना भाजू नका. हे सगळं मान्य. पण मग हाच नियम सगळ्यांना. मिरची परतल्यावर अख्खा मजला खोकतो, तेव्हा ग्रुपवर मेसेज पडत नाही. त्रास झाला म्हणून सांगणं वेगळं आणि कमीपणा देणं वेगळं. वहिनींनी सॉरी म्हटलं ते त्रासाबद्दल नव्हतं, आपण काय खातो त्याबद्दल होतं.

बांतायनहून निघताना नानायनं माझ्या हातात दोन किलो दांगित ठेवले होते. मी बोसनला हळूच म्हणालो, विमानात वास येईल रे. त्यानं आईला सांगितलं. ती जे म्हणाली ते त्यानं मला इंग्रजीत सांगितलं, "येऊ दे की. कुठून आलास ते लोकांना कळेल."

तर माझी विनंती तीनच गोष्टींची. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं की विचारा, किनाऱ्यालगतच्या पाण्यात मोठ्या बोटी आणि दिवे कधी बंद होणार. दुसरं विचारा, मासळी वाळवणाऱ्या बायकांना पक्के ओटे आणि हक्काची जागा कधी देणार. आणि तिसरं आपल्या हातातलं: आगोटीला मासळी त्या बाईकडूनच घ्या, घासाघीस न करता, आणि पिशवी हातात धरून घरी या. सीटखाली लपवू नका.

काल संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींना विचारलं, बोंबील कुठून आणलेत, फार चांगला वास होता. आधी त्या घाबरल्याच. मग हसल्या आणि वाटीभर जवळ्याची चटणी दिली.

रात्री ग्रुपवर लिहिलं: "उद्या दुपारी बारा वाजता आमच्याकडे सोडे शिजणार आहेत. पंखा लावतोय, दार लावतोय. तरी त्रास झाला तर जरूर सांगा. सॉरी मात्र म्हणणार नाही. जेवायला यायचं असेल तर भात जास्त टाकतो."

सकाळपर्यंत अंगठे दोनच आले. त्यातला एक, मेसेज टाकणाऱ्याच्या बायकोचा.