दिसणारें कसब आणि न दिसणारें

गेल्या वर्षीं आमच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली, तेव्हां सुतार, गवंडी आणि वीजतंत्री असे तीन कारागीर महिनाभर घरांत वावरत होते. चौकट ओळंब्यांत आहे कीं नाहीं, दार करकरतें काय, हें तात्या रोज पाहत. गिलाव्यावरून आजींनींहि हात फिरवून घेतला. वीजतंत्र्याचें काम मात्र आम्हीं बटण दाबून पाहिलें. दिवा लागला, आम्हीं पैसे मोजले.

दोन महिन्यांनीं न्हाणीघरांत धाकट्या सूनबाईंचा हात नळास लागतांच त्यांना झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून थोडक्यांत निभावलें. दुसऱ्या वीजतंत्र्यास बोलाविलें. विजेच्या बंबांतून वीज झिरपत होती, आणि ती जमिनींत वाहून न्यावयाची हिरवी तार खोक्यांत नुसती गुंडाळून ठेवलेली! पाणी मात्र रोज उत्तम तापत होतें.

इतर कसबांहून या कसबाचा भेद आहे तो हा. वाईट बसविलेलें दार रोज कुरकुरतें. वाईट जोडलेली तार मुकाट्यानें काम करिते. दिव्याचें बटण फेजच्या तारेऐवजीं न्यूट्रलमध्यें घातलें तरी दिवा तसाच लागतो आणि विझतो. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरांत विजेचा दाब कायम असतो, आणि तो बदलावयास स्टुलावर चढलेल्या मनुष्यास याची कल्पनाहि नसते. सुतारास कोणी परवाना विचारीत नाहीं, तारकाम करणाऱ्यास कायद्यानें तो लागतो, तें उगाच नव्हे. चांगला वीजतंत्री काम संपल्यावर मेगर लावून, ५०० व्होल्टांच्या दाबाखालीं तारांचें आवरण तपासतो. त्याची खरी कारागिरी त्या मोजमापांत असते, आणि नेमक्या त्याच वेळीं आपण चहाला उठलेले असतों.

पहिल्या कारागिरास दोष देऊन मोकळें होणें सोपें होतें. पण अर्थिंगच्या खड्ड्याचा खर्च त्यानें सांगितला होता. मंगळागौर तोंडावर आली म्हणून "तें मागाहून पाहूं" असें आम्हीच म्हणालों होतों. सागवानाच्या किंमतीविषयीं मात्र आम्हीं शब्द काढला नव्हता. सागवान पाहुण्यांस दिसतें.

आतां परसांत तुळशीपलीकडे तो खड्डा झाला आहे. वीज गळतांच प्रवाह तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळहि बसविली आहे. उन्हाळ्यांत खड्ड्यांत पाणी घालणें व महिन्यास त्या कळीचें तपासणीचें बटण दाबून पाहणें, हीं दोन्ही कामें तात्यांनीं आपल्याकडे घेतलीं आहेत.