पाण्यात उतरायचे बूट

या महिन्याच्या टपालात घाटाखालून एका भगिनीचे पत्र आहे. तिच्या अब्बांना चौदा वर्षांपासून साखर आहे. नोकरीतून मोकळे झाल्यापासून दर शनिवारी गळ घेऊन पूर्णा नदीवर जातात, तेही अनवाणी. गेल्या पावसाळ्यात तळपायाला शिंपलीची कड लागली. पाय बधिर, त्यामुळे कळलेच नाही. तीन दिवसांनी मोजा चिकटला तेव्हा घरच्यांच्या लक्षात आले, आणि शेवटी एक बोट काढावे लागले. जखम भरताच अब्बा पुन्हा नदीवर! मुलगी लिहिते, “दोन जोड आणून दिले. गमबूट गाळात रुतून राहिला, कॅनव्हासच्या बुटाचा तळ महिन्यात सुटला. आता अब्बा म्हणतात, पानी में काहे के जूते? तुम्हीच सांगा, टिकतील असे कोणते घ्यावेत?”

आम्ही मासे खाण्यात तरबेज, पकडण्यात नाही. म्हणून ओळखीच्या एका भोई काकांना विचारले, आणि बसस्टँडजवळ बूट-चपला शिवायला बसणाऱ्या कारागिरालाही. दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट पहिल्यांदा उमगली. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हा भेद भाषेत आणि पिकांत आहे, तसाच तो बुटातही आहे.

घाटावर पैनगंगेचा तळ बऱ्याच ठिकाणी काळ्या पाषाणाचा. त्यावर शेवाळ धरले की माणूस क्षणात आडवा होतो. तिथे बुटाने दगड धरून ठेवायला हवा. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पूर्णेच्या काठाला खोल काळी माती. ओली झाली की ती पाय ओढून घेते. तिथे बुटाने पायच सोडता कामा नये. म्हणजे अब्बांचा पहिला गमबूट वाईट होता असे नाही, तो चुकीच्या नदीत गेला. गमबूट पायाला आवळलेला नसतो. गाळ खालून चोखतो, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. भोई काका हसून म्हणाले, “नदीले असे लई बूट देले लोकायनं.”

गमबुटाचा दुसरा धोका मोठा आहे. वरच्या काठापेक्षा पाणी खोल झाले की तो आतून भरतो. भरलेला बूट माणसाला तळाशी ओढतो असे लोक समजतात. खरे पाहता बुटातले पाणी पाण्यात असेपर्यंत जड नसते, पण पाय मारता येत नाहीत, आणि काठावर चढताना तेच पाणी काही किलोंचे ओझे होऊन बसते. वाळू उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून दोन पावलांवर गळाभर खड्डा असू शकतो, वरून दिसतही नाही. तेव्हा गमबूट काठावरच्या चिखलासाठी आणि घोट्याइतक्या पाण्यासाठी. त्यापुढे नको.

परदेशात नदीत उभे राहून मासे धरणाऱ्यांसाठी खास बूट मिळतात. घोट्याच्या वर येणारे, नाड्यांनी आवळायचे, पाणी निचरायला बाजूला भोके असलेले. त्यांच्यात एक प्रकार नमद्यासारख्या जाड फेल्टच्या तळाचा. शेवाळलेल्या दगडावर तो छान धरतो, पण चिखलात निरुपयोगी. शिवाय ओला फेल्ट लवकर वाळत नाही, आणि त्यात अडकलेले सूक्ष्म जीव एका नदीतून दुसरीत जातात. डिडिमो नावाचे शेवाळ असे पसरू नये म्हणून न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टच्या तळव्यांवर बंदीच घातली. हे बूट आपल्याकडे मागवायचे तर किंमत हजारांत जाते. पूर्णेच्या गाळासाठी एवढा खर्च आम्हाला पटत नाही. त्यांची घडण मात्र ध्यानात ठेवावी आणि बाजारात तिच्या जवळचे काय मिळते ते पाहावे.

काय पाहावे? घोटा झाकणारा, नाडीचा, कृत्रिम कापडाचा बूट. चामडे नको. ते पाणी पिते, वाळताना कडक होते आणि घडीवर तडकते. चामड्याचा घ्यायचाच असेल तर अस्तर कशाचे आहे हे दुकानदाराला विचारण्यात संकोच करू नये. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या झुबक्यात दिसतात, पण रंगवलेल्या किंवा घासलेल्या अस्तरावर ती ओळखू येत नाहीत. मग नकोच म्हणावे. पुढे बोटांवर रबराची टोपी असावी, कारण दगड आणि बाभळीचे काटे पहिल्यांदा तिथेच लागतात. नाडी नायलॉनची, नाडीची भोके पितळेची किंवा प्लास्टिकची. लोखंडी असली की गंज धरून नाडी कापतात.

सगळ्यात महत्त्वाचा तळवा. कारागीर म्हणाला, “तळ चिकटवलाय की शिवलाय, आधी ते पाहा.” नुसत्या डिंकावर असलेला तळवा पाण्यात आज ना उद्या सुटतो. कडेने शिलाई घातलेली असेल तर दोन पावसाळे निघतात. नवीन बूट घेतल्याबरोबर कडेची शिलाई मारून घ्यावी, हा त्याचा सल्ला. यात त्याचा धंदा आहे हे खरे, पण सल्लाही खरा आहे.

आणखी एक फसवणूक आहे, ती कोणी मुद्दाम करत नाही. हलके, मऊ तळवे पुष्कळदा पीयूचे असतात. ते वापराने झिजतात त्यापेक्षा दमट हवेत पडून राहिल्याने जास्त कुजतात. कपाटात तीन-चार वर्षे ठेवलेला कोरा बूट पहिल्याच दिवशी भुगा होऊन पडतो. म्हणून खोक्यावर छापलेला महिना आणि वर्ष वाचावे. ‘सेल’मधला जुना माल पाण्यासाठी घेऊ नये. खोल खाचांचा रबरी तळवा जड असतो, पण तोच घ्यावा. गाळासाठी खाचा लांब अंतरावर असाव्यात, नाहीतर माती भरून तळवा सपाट होतो.

बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जाड मोजे घालून मापावा. साखरेच्या माणसाला घट्ट बूट टोचतोय हे कळतच नाही, म्हणून माप त्यांच्या सांगण्यावर सोडू नये. पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखावा आणि तो कागद कापून बुटात घालून पाहावा. कागद कुठे दुमडला, तर बूट लहान आहे.

आता त्या भगिनीला एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पाणी निचरणाऱ्या बुटात पाय ओलाच राहतो. ओली कातडी मऊ पडून फाटते, आणि पावसाळ्याच्या घाण पाण्यातून लेप्टोसारखा आजार जखमेवाटेच शिरतो. पाण्यात घालण्याआधी बूट एकदा अब्बांच्या डॉक्टरांना दाखवावा. कातडीला जरासा ओरखडा असला तरी त्या शनिवारी पाण्यात उतरणे नाही. ओरखडा नसेल तेव्हाही अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, आणि कोरड्या मोज्यांचा जोड सोबत असावा. बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. खडा असतो, कधी विंचूही. हात कुठे ओला किंवा बधिर असेल तर हे काम नातवाला द्यावे, पण टॉर्च लावून.

बुटांवर मसह चालतो का, असेही तिने विचारले आहे. ते इमामसाहेबांना विचारावे. आमचा आग्रह एवढाच, की अब्बांनी वुजूच्या वेळी पाय उघडून नीट पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा, आणि बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करावी. दिवसातून पाच वेळा पाय पाहिला असता तर शिंपलीची जखम तीन दिवस लपली नसती.

घरी आल्यावर बूट साध्या पाण्याने धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवावेत. चुलीजवळ किंवा उन्हात नाही, डिंक सुटतो.

आणि अब्बांना आमच्याकडून सलाम सांगून विचारावे, की पाण्यात उतरायचेच कशाला? जाळे टाकणाऱ्याला उतरावे लागते, गळवाल्याला नाही. भोई काकांच्या म्हणण्याप्रमाणे मरळ पुष्कळदा काठालगतच्या गवतातच दडलेला असतो, आणि माणूस पाण्यात शिरला की पहिला तोच पळतो. अब्बांनी हे ऐकले तर नवा जोड काठावरच्या चिखलासाठी पुरे, आणि त्यासाठी जुन्यांपैकी उरलेला एक गमबूट जोडीदार शोधून वापरता येईल. नाही ऐकले, तर पायाचा आखलेला कागद आमच्याकडे पाठवावा. पुढच्या महिन्यात आम्हाला खामगावला जायचेच आहे.